लेव्हीची नाव आणि तोमोझुरू

"हे जपानी बोटीचं काय लफडं आहे?"

मोहतमीम साहेबांनी माझा रिपोर्ट टेबलावर असा आपटला की दौत हलली. मोहतमीम म्हणजे आजच्या भाषेत एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर. टेबल नदीकाठच्या तंबूत होतं आणि दाराशी बंदोबस्ताचा जमादार उभा होता. साहेब ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. ते आवाज खाली आणून बोलत होते.

"साहेब, उदाहरण म्हणून लिहिलंय."

"उदाहरण! तिकडं जपान ब्रह्मदेशात येऊन बसलाय, आणि निजाम सरकारचा ओव्हरसियर सरकारी कागदावर लिहितो की जपानी टॉर्पेडो बोटीपासून धडा घ्यावा. मियाँ, हा कागद वर गेला तर आधी तुला उचलतील. मग मला विचारतील, असला माणूस ठेवला कशाला."

"आणि नाही गेला तर आज अकरा माणसं पाण्यात जातील."

साहेब दख्खनीत बोलायचे. मी त्यांचं बोलणं मराठीत लिहितोय, पण त्या वेळची त्यांची नजर कुठल्याच भाषेत लिहिता येणार नाही.

थोडं मागचं सांगतो. युद्धामुळे सरकारनं लेव्ही लावली होती. शेतकऱ्यानं पिकातला ठरलेला वाटा सरकारात घालायचा, ती लेव्ही. उत्तरेकडच्या गावांतली ज्वारी नावेतून गोदावरीपार न्यायची, तिथून गाड्यांनी गंगाखेडच्या स्टेशनावर, आणि तिथं वॅगन भरायच्या. घाट गंगाखेडच्या वरच्या अंगाला दोन कोसांवर होता. नाव सागवानी, छत्तीस फूट लांब, दहा फूट रुंद, पण जुनी. तळाला कायम वीतभर पाणी. खालच्या थरातली पोती भिजायची, ज्वारीला मोड यायचे, आणि स्टेशनावरचा अंमलदार ती परत पाठवायचा. साहेबांनी हुकूम काढला, पोती तळाला ठेवायचीच नाहीत. काठांच्या वर मचाण बांधा आणि त्यावर रचा.

ते मचाण मी बांधलं. हे आधीच कबूल करतो.

मी पालमकडच्या एका कोरडवाहू गावचा. माझ्याआधी आमच्या घरात कुणी सही केली नव्हती, सगळे अंगठेच. मी हैदराबादला राहून बी. ई. झालो. वडील बाजारात ओळख नसलेल्या माणसालाही थांबवून सांगायचे, "आमचा पोरगा पूल बांधायलाय." त्याचा मला अभिमान होता, आजही आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. मचाणाचं ड्रॉइंग मी असं काढलं होतं की साहेबांनी ते भिंतीला लावलं. साठ पोत्यांचा भार धरून एकेका तुळईचा हिशोब केला. लाकूड मोडणार नाही हे पक्कं केलं. नाव उलटेल का, हा प्रश्न मला पडलाच नाही. मी पूल शिकलेला, आणि पूल तरंगत नाही.

मचाण बसलं त्या दिवशी साहेब वर खुर्ची टाकून बसले. मीही शेजारी बसलो. नाव काठालगत फिरवली.

"वा!" साहेब म्हणाले. "आधी कसली झटके द्यायची. आता झोपाळा झाला झोपाळा."

मी हसलो. सुकाणूवर लिंबाजी भोई होता. तो हसला नाही. त्याची नजर काठाला लागणाऱ्या पाण्यावर होती.

लिंबाजी पन्नाशीचा. तरुणपणी मुंबईला जाऊन मालवाहू आगबोटीवर खलाशी झालेला. युद्धात जावाकडं त्याची बोट बुडाली, तो वाचला आणि घरी येऊन पुन्हा नाव धरली. त्याला सगळे नाना म्हणायचे. साहेब गेल्यावर मी त्याला गाठलं.

"नाना, नाव कशी वाटली?"

"लय गोड डोलायलीय."

"मग चांगलंच झालं की."

"कशाचं चांगलं? आदी कलली का टणकन उभी ऱ्हायची. आता इचार करून उठायलीय. तिला उठायचा कंटाळा आलाय."

"मग साहेबांसमोर का नाही बोललात?"

"मी बोलू? बांदलं तुमी, बुकं शिकले तुमी. आन् तुमी तर साहेबाच्या मांडीला मांडी लावून दात काढायलाव. मी कुनाला सांगू, गंगेला?"

गोदावरीला तिकडं सगळे गंगाच म्हणतात. मी घड्याळ काढलं. शेजारी तसलीच दुसरी नाव होती, तितकीच गळकी, पण मचाण नसलेली. ती हलवून सोडली तर एका बाजूहून दुसरीकडे जाऊन परत यायला तिला अडीच सेकंद लागत होते. माझ्या नावेला रिकामीच असताना पाच. मी तीनदा मोजलं. मग घाटाच्या पायरीवर बसलो. मला तोमोझुरू आठवली होती.

कॉलेजात आमचे एक प्रोफेसर विलायतेहून जहाजबांधणी शिकून आले होते. हैदराबादला समुद्र नाही, म्हणून ते आम्हाला पूल शिकवायचे आणि मधूनच जहाजांवर घसरायचे. त्यांनी एकदा फळ्यावर एक जपानी टॉर्पेडो बोट काढली. तेव्हाच्या तहात लढाऊ जहाजांवर मर्यादा होत्या, पण सहाशे टनांखालच्या बोटींना नव्हत्या. जपान्यांनी काय केलं, त्या लहान बोटींवर मोठ्या विनाशिकेच्या तोफा आणि टॉर्पेडोच्या नळ्या चढवल्या. वर उंच ब्रिज, म्हणजे कप्तानाची माडी. चार बोटी झाल्या. चारींना पाखरांची नावं. चिदोरी, मानाझुरू, तोमोझुरू, हात्सुकारी. झुरू म्हणजे करकोचा, हिवाळ्यात आमच्या गंगेच्या वाळूत उतरतो तोच. नवी कोरी तोमोझुरू वादळात सरावाला निघाली आणि सरळ उलटली. शंभर माणसं गेली.

कारण सोपं आहे. कडब्याची गाडी उंच भरली की उताराला उलटते, तेच. वजन खाली असलं तर कललेली नाव झटक्यानं उभी राहते. ते झटके बसणाऱ्याला त्रासाचे वाटतात. वजन वर गेलं की ती हळू डोलते, मऊ डोलते, बसणाऱ्याला सुख वाटतं. एका मर्यादेपुढे ती उठतच नाही.

हे सगळं मी लिंबाजीला सांगितलं. त्यानं बिडी पायरीवर विझवली.

"साहेब, आमची बोट बुडाली तवा मी दोन दिस छोट्या होडीत व्हतो. जपान्यांच्या बोटींचा काफला लांबून गेला. म्होरं एक बारकी लढाईची बोट. अशी टणाटण डोलत व्हती, आमी म्हनलं, आता उलटती, मग उलटती. पन् न्हाई उलटली."

"बाकीच्या बोटी त्यांनी नंतर दुरुस्त केल्या, नाना. नळ्या निम्म्या केल्या, माडी उतरवली, पोटात लोखंड घातलं."

"मग त्यातलीच आसंल."

त्या चारांतली होती की दुसरी कुठली, हे मी शपथेवर सांगणार नाही. पण त्या रात्रीपुरतं माझ्यासाठी ती त्यांतलीच होती. सकाळी मी रिपोर्ट लिहिला. माझं मचाण काढून टाकावं, असा माझ्याच सहीचा रिपोर्ट. तो घेऊन तंबूत गेलो, आणि साहेबांनी तो आपटला.

"त्यांच्या बोटी इतक्या फालतू आहेत," साहेब म्हणाले, "तर जावापर्यंत आल्या कशा?"

"चूक मान्य करून, साहेब. वरचं वजन काढलं, खाली टाकलं. म्हणून आल्या. आपण एकही माणूस न मारता तेच करू शकतो."

"पाणी चढतंय. वॅगन उद्या सुटणार. मचाण उतरवायला दोन दिवस. ज्वारी इथंच राहिली तर वर काय सांगू, एका जपानी करकोच्यानं अडवलं?"

ते उठून तंबूच्या दाराशी गेले, नदी बघून आले.

"साठ नको. चाळीस पोती टाका. आणि मी स्वतः बसतो. ज्या नावेत मी बसणार नाही तिच्यात हमालही बसणार नाहीत. एवढी इमानदारी आहे माझ्याजवळ."

"मग मीही येतो."

"ये. बुडालो तर जाब द्यायला सोबत पाहिजेच." त्यांनी रिपोर्टाची घडी घालून शेरवानीच्या खिशात ठेवली.

दुपारी निघालो. सुकाणूवर लिंबाजी, वल्ह्यांवर दोघं, मचाणावर चाळीस पोती, पोत्यांवर आठ हमाल, खुर्ची टाकून साहेब, आणि मी. वर कुठं पाऊस झाला असावा, पाणी गढूळ आणि जड होतं. मी घड्याळ हातात धरलं. सहा सेकंद. साहेबांनी विचारलं, "किती?" मी सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

मधल्या धारेला लागलो तेव्हा वरून एक बाभळीचं खोड आलं, मुळांसकट, गरगरत. लिंबाजी ओरडला, "बांबू लावा!" चौघं हमाल उठले आणि उजव्या अंगाला धावले. खोड ढकललं गेलं. नाव उजवीकडे कलली.

आणि तशीच राहिली.

मी मोजत होतो. पाच. सहा. सात. आठ. उजवा काठ पाण्यापासून चार बोटं. पाणी काठाला लागून चपचप आवाज करत होतं, तेवढंच.

"डावीकडं!" साहेब गरजले. "सगळे डावीकडं चला! जल्दी!"

कुणालाही तेच सुचेल. मलाही प्रोफेसरांनी शिकवलं नसतं तर तेच सुचलं असतं. अशी थकलेली नाव एका बाजूला पडते ती तिथं टेकलेली असते. सगळे उंच बाजूला धावले की ती उठते, पण मध्ये थांबत नाही. दुसऱ्या बाजूला दुप्पट जोरानं आपटते आणि जाते. तोलाचा इलाज एकच, वजन खाली आणायचं. तेही आधी कललेल्या बाजूचं.

"नाही!" मी ओरडलो. "डावीकडं कुणी जायचं नाही! खाली उतरा! उजवीकडचे आधी, तळात उतरा!"

"ओव्हरसियर!" साहेब म्हणाले.

हमाल थांबले. एकीकडे मोहतमीम, दुसरीकडे चार महिन्यांची नोकरी झालेला पोरगा. त्यांनी दोघांकडेही पाहिलं नाही. त्यांनी लिंबाजीकडे पाहिलं.

लिंबाजीनं सुकाणू पोटाशी दाबून धरलं होतं. "ओवरशेर सांगायलेत तसं करा," तो म्हणाला. आवाज अजिबात चढवला नाही. "हळू उतरा. उड्या मारायच्या न्हाईत. म्हादू, तू पैला."

म्हादू उतरला, घोटाभर पाण्यात उभा राहिला. दुसरा, तिसरा, चौथा. "आता पोती," मी म्हणालो. "उजव्या कडेची. खाली घ्या."

"पाण्यात?" म्हादूनं विचारलं. "सरकारची ज्वारी हाय."

मी साहेबांकडे पाहिलं. ही पोती भिजू नयेत म्हणूनच हा सगळा खटाटोप होता.

"घे," ते म्हणाले. आणि स्वतः खुर्ची सोडून, शेरवानी सावरत, मचाणावरून तळातल्या पाण्यात उतरले. पहिलं पोतं त्यांनी आणि म्हादूनं मिळून खाली घेतलं.

सातव्या पोत्याला काठ पाण्यापासून वीतभर वर आला. बाराव्याला नाव सरळ झाली. आम्ही वीस पोती खाली घेतली. मग ती डोलायला लागली तेव्हा मी पुन्हा घड्याळ पाहिलं. साडेतीन.

"आली," लिंबाजी म्हणाला. "शुद्धीवर आली."

पैलतिराला उतरल्यावर साहेब वाळूत बसून राहिले. बूट काढून पाणी ओतलं. मग खिशातून माझा रिपोर्ट काढला. शाई पसरून तो निळा झाला होता.

"दुसरा लिही. जपान काढून टाक."

"मग आधार कशाचा देऊ?"

"लिही, नावाड्याच्या अनुभवावरून असं आढळलं."

मी नावाड्याचं नावही घातलं. असं लिंबाजी भोयाचं नाव सरकारी दप्तरात गेलं. मी त्याला वाचून दाखवलं तेव्हा तो म्हणाला, "माज्या नावानं तुमची चूक झाकली, व्हय?" मी हो म्हणालो. खोटं नव्हतं.

मचाण उतरवलं. तळात दगड बसवले, त्यावर वीतभर उंचीवर फळ्या ठोकल्या आणि पोती फळ्यांवर रचली. पाणी खाली, ज्वारी वर कोरडी. दगड-फळ्यांना अर्धाच दिवस लागला. पहिल्याच दिवशी सुचलं असतं, पण तेव्हा मला ड्रॉइंग काढायचं होतं. साहेब नंतर एकदा त्या नावेत बसले. उतरताना कंबर धरून म्हणाले, "हाडं खिळखिळी झाली. चांगली आहे." भिजलेल्या वीस पोत्यांचा खुलासा त्यांनी स्वतःच्या सहीनं दिला. महिन्याभरानं माझी बदली चारठाण्याकडच्या रस्त्यावर झाली. शिक्षा होती की मेहेरबानी, ते कळलं नाही. रस्ताही तरंगत नाही, म्हणून मी ती मेहेरबानी समजलो.

रिटायर झाल्यावर एका जाड इंग्रजी पुस्तकात मला त्या चार बोटींचा शेवट सापडला. सगळं युद्ध त्या काफल्यांच्या पुढं-मागं राखण करत फिरल्या, तोमोझुरूसुद्धा, कारण उलटलेलीच ओढून नेऊन, सुधारून पुन्हा पाण्यात घातली होती. शेवटी चिदोरीला पाणबुडीनं टॉर्पेडो मारला. मानाझुरू आणि तोमोझुरू विमानांच्या हल्ल्यात गेल्या. हात्सुकारी तेवढी हाँगकाँगला शरण आली. शत्रूच्या बोटी होत्या, त्यांच्यासाठी मी हळहळलो असं म्हणणार नाही. पण पान मिटताना एक गोष्ट पाहून ठेवली. दुरुस्तीनंतर त्यांतली एकही स्वतःच्या वजनानं उलटली नाही.

मी आजही नावेत बसलो की आधी घड्याळ काढतो. फार सुख वाटायला लागलं, तर उतरतो.