दुसरी बाजू

"दुसरी बाजू दाखव," हे आमच्या मिस्त्रींचं ठरलेलं वाक्य. महाडच्या बाजारात मासळीवालीने बांगडा पुढे केला की हे म्हणणार, "दुसरी बाजू दाखव गो." ताटातली भाकरीसुद्धा उलटून बघितल्याशिवाय मोडत नसत. पुतणीसाठी मुलाचा फोटो आला, तर त्यांनी तो उलटा करून कोरा कागद नीट न्याहाळला आणि सांगितलं, पोरगा बरा दिसतोय, पण पाठमोरा बघितल्याशिवाय होकार कळवू नका.

मी पाट्या रंगवतो. माझी पहिली मोठी पाटी दाखवायला त्यांना कौतुकाने नेलं, तर हे सरळ पाटीच्या मागे गेले. "पेंटर, इकडं काय रंगवलं नायस," तिथून आवाज आला. मागून कोण वाचणार, मी म्हणालो. "पाऊस वाचतो," ते म्हणाले.

तरुणपणी त्यांनी खाडीकाठी गलबतांना फळ्या बसवल्या होत्या. फायबरच्या बोटी आल्या, लाकडाचं काम आटलं, तेव्हा ते महाडला परतले आणि दारं-खिडक्या करू लागले. हात मात्र गलबताचाच राहिला. दाराच्या फळ्या अशा घट्ट जुळवायचे, सांध्यांत तेलात भिजवलेला कापूस असा ठोकून भरायचे, की पावसाळ्यात लाकूड फुगलं की दार उघडायचंच नाही. आमच्या आळीतले एक मास्तर अख्खा श्रावण खिडकीतून शाळेला गेले, तुम्हाला खोटं वाटेल. तक्रार केली की मिस्त्री गंभीरपणे विचारत, पाणी आत आलं काय? नाही म्हटलं की ते पुन्हा रंधा हातात घेत.

पोलादपूरच्या अलीकडे हायवेवर एका शेटांचं हॉटेल आहे. महाबळेश्वरकडे वळणाऱ्या गाड्या आधी आपल्याकडे थांबाव्यात म्हणून दारात लाकडी गलबत उभं करायचं त्यांच्या मनात आलं. गलबत म्हणजे एकच बाजू, रस्त्याकडची. लोक समोर उभे राहून फोटो काढतील, मागे कशाला जातायत?

"त्याला गलबत नाय म्हणत, शेट. कुंपण म्हणतात," मिस्त्री म्हणाले.

मला वाटलं, काम गेलं, त्याबरोबर माझं रंगाचंही. पण मिस्त्रींनी ते घेतलं. अट एकच घातली, काम पुरं होईपर्यंत मागे ताडपत्री राहील, ती कुणी उचलायची नाही.

रंगाचं बघायला मी ताडपत्रीमागे गेलो आणि बघतच राहिलो. मागच्या बाजूलाही फळ्या चढत होत्या. हायवे रुंद करताना पाडलेल्या घरांची दारं शेटांनी आवारात आणून टाकली होती. मिस्त्री ती चिरून, ओली करून, जाळावर शेकून हळूहळू वाकवत होते आणि ठोकत होते. शेट काय म्हणतील, मी हळूच विचारलं.

"किनाऱ्याला आता फळीचं कोण बांधत नाय, पेंटर. हे माझं शेवटचं. अर्धं ठेवून जाऊ?"

त्यांचा असा आवाज मी आधी ऐकला नव्हता. मी दोन्ही बाजू रंगवल्या.

ताडपत्री उतरली त्या दिवशी शेटांना पहिली काळजी पडली ती स्वतःची गाडी कुठे लावायची याची. ती सगळी जागा गलबताने खाल्ली होती. भडकून ते म्हणाले, मागचा भाग कापून टाका. मिस्त्रींनी अदबीने करवत त्यांच्याच हातात दिली.

"कापा. दोन्ही बाजू एकमेकीला धरून उभ्या हायत, तेवढं ध्यानात ठेवा."

शेटांनी करवत खाली ठेवली.

लोक फोटो काढू लागले तसे शेट निवळले. मिस्त्रींचं मात्र समाधान होईना. आपलं गलबत गळतं की नाही, हे कळल्याशिवाय त्यांना चैन नव्हतं. खाडीवर म्हणे ते आत पाणी भरून बघायचे, पण भर उन्हाळ्यात शेटांची बोअरवेल तेवढं पाणी कुठून देणार? पावसात कळेल, पावसात कळेल, असं म्हणत राहिले आणि वैशाखात एका दुपारी झोपेतच गेले. मला फार वाईट वाटलं. बांधणाऱ्याला एवढं तरी कळायला हवं होतं.

आषाढात शेटांचा फोन आला, ड्रिल घेऊन ये. गलबत वरून उघडं, ते पावसाने काठोकाठ भरलं होतं. डास झाले होते, गिऱ्हाइकं कुरकुरत होती. तुझ्या मिस्त्रीने पाणी जायला भोकच ठेवलं नाही, शेट म्हणाले, तळाला एक पाड.

जरा उघडीप होती. ड्रिल घेऊन मी ठोकळ्यांवर उभ्या गलबताखाली वाकलो. आवारभर चिखल होता आणि तळाखालची माती कोरडी होती. मी सांध्यांवरून हात फिरवला. हाताला थेंब लागला नाही. शेटांना म्हटलं, जरा खाली या. ते कुरकुरत गुडघ्यांवर बसले, त्यांनीही हात फिरवला, मग उठून मागच्या बाजूला गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत. आले ते दोन बादल्या घेऊन.

"भोक नको," ते म्हणाले. "उपसू."

आम्ही उपसत असताना एक गाडी थांबली. आतल्या बाईंनी काच खाली करून विचारलं, बोट खरी आहे की नुसती शोची?

शेटांची विजार गुडघ्यापर्यंत भिजली होती. त्यांनी बादली खाली ठेवली.

"दुसरी बाजू बघून या," ते म्हणाले.