तबकातली पुडी

मारुंजीत आमच्या चाळीतल्या भाडेकरीणबाई मिश्रीसाठी तव्यावर तंबाखू भाजायला लागल्या, की तो जळका, नाकात झोंबणारा वास मला थेट त्या भाऊबीजेला नेऊन बसवतो. आईच्या गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला होता आणि डॉक्टरांनी मिश्री बंद करायला बजावलं होतं, पण ती आमचं कुणाचंच ऐकेना, म्हणून आम्ही भावंडांनी मुठा गावच्या थोरल्या मामाला गळ घातली, कारण त्याचा शब्द ती मोडत नसे. कुंकू लावून घेता घेताच मामा पाटावरून गरजला, "बाय, मिश्री लई वंगाळ! आजपास्नं बंद!" आणि बोलण्याच्या भरात त्याचा हात खिशात गेला, पुडी निघाली, चुना निघाला, तो तळहातावर तंबाखू मळायलाही लागला. आम्ही कपाळावर हात मारला. आई तबक धरून तशीच उभी. "दादा, आदी ती पुडी हितं टाक, मंगच ओवाळीन." मामा ओशाळला, मग चिमटीसकट पुडी तबकात टाकून म्हणाला, "ही घे ओवाळणी. आता तुजी डबी आण." आईनं कमरेची डबी काढून त्याच्या हातावर ठेवली, आणि दोघं असे खदखदून हसले की तबकातल्या अक्षता सांडल्या. आजही भाऊबीजेला मामा तीच डबी बडीशेप भरून आणतो. आई झाकण उघडून आधी डबी हुंगते, मग त्याचं तोंड, आणि मगच ओवाळते.