पट्टीचं टोक

गौरवलेखात शंका काढायच्या नसतात, असं संपादक मंडळानं मला बजावलं आहे. पण शेडगे सरांची साठी झाली हे कळल्यावरही मी आधी त्यांची जन्मतारीख दोघांना विचारून घेतली. हा स्वभाव आमच्या विंझरच्या घरातलाच. माझे वडील, आबा, बैल घेताना बैलाचे दात तर बघतच, पण विकणाऱ्याचं तोंडही निरखून बघत.

सरांचा माझा परिचय भोरच्या शाळेत, अकरावीच्या, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकच्या, विज्ञानाच्या तासाला झाला. दोऱ्याला गोळी टांगायची, दोऱ्याची लांबी पट्टीनं मोजायची, झोके मोजायचे आणि गुरुत्वाकर्षणाचा आकडा काढायचा, असा तो प्रयोग. उत्तर नऊशे ऐंशी यायला हवं हे पुस्तकात छापलेलंच होतं, आणि सगळ्या वर्गाचं बरोबर तेवढंच येई. माझं हजार आलं. मला शेजाऱ्यांच्या वह्यांचाच संशय आला, म्हणून मी हजारच लिहिलं. सरांनी तांबड्या शाईनं शेरा मारला, ‘पुन्हा करा.’ तीनदा केलं, तीनदा हजार.

पुढच्या रविवारी सर एसटीनं थेट विंझरला उतरले. हातात कापडात गुंडाळलेलं काहीतरी लांब होतं. तक्रार आणि छडी दोन्ही बरोबर आणली, असं मी धरून चाललो.

आत प्रयोगशाळेची पट्टी निघाली. तिच्यावरचे आकडे शून्यापासून नव्हे, दोनापासून सुरू होत होते, म्हणजे मोजलेली प्रत्येक लांबी दोन सेंटीमीटर जास्तच भरणार. “कपाटात मावेना म्हणून मीच ती करवतीनं कापली होती,” सर आबांना म्हणाले, “आणि विसरून गेलो. दहा वर्षं मुलं नऊशे ऐंशी लिहीत आली आणि मी बरोबरची खूण करत आलो. तुमच्या मुलानं एकट्यानं जे आलं ते लिहिलं.”

मग त्यांनी खिशातून एक माहितीपत्रक आणि प्रवेशाचा अर्ज काढला. एका विद्यापीठात अभियांत्रिकीचं तंत्रज्ञान आणि भौतिकशास्त्र अशी दोन्हींची मिळून एकच पदवी निघाली होती. माझं तर मॅट्रिक होताच मास्तरकीच्या ट्रेनिंगला जायचं ठरलेलं, आणि ट्रेनिंगनंतर नोकरी नक्की. इकडं जायचं तर हातातली नोकरी सोडल्यासारखंच होतं.

“म्हंजी धड इंजिनेर न्हाई, धड प्रोफेसर न्हाई,” आबा म्हणाले. “उद्या ह्याला कोन इचारनार? आन गुरुजी, तुमाला ह्यात काय मिळतंय?”

“काही नाही.”

“काय मिळत न्हाई, आन इतक्या लांब आलासा व्हय?”

खरं सांगतो, मलाही तोच प्रश्न पडला होता.

“नोकरीचं मी सांगू शकत नाही,” सर म्हणाले. “यंत्र आणि त्यामागचं शास्त्र, दोन्ही तपासायला असा माणूस लागतो, एवढं मला कळतं.”

आबांनी पट्टीचं कापलेलं टोक अंगठ्यानं चाचपलं. “सोताची चूक सांगायला जो मानूस दुसऱ्याच्या दारात येतो, त्यो फसवायचा न्हाई. कुठं सही करू?”

आबांचा संशय फिटला, माझा नाही. विद्यापीठात गेलो, तर सकाळी लेथवर लोखंड कातायचं आणि दुपारी सूत्रं सोडवायची. फोरमन आम्हाला ‘पुस्तकी’ म्हणत, प्राध्यापक ‘फिटर’. दुसऱ्या वर्षी मी सरांना कळवलं, की आबांचंच खरं होतं, आम्ही कुणाच्याच पंगतीतले नाही, मी परत येतो. उत्तर जोडकार्डावर आलं, उत्तरासाठीचं कोरं कार्ड जोडलेलंच, म्हणजे मला परत लिहिणं भागच होतं. ‘फोरमनचं माप प्रयोगशाळेत तपास, प्राध्यापकांचं सूत्र लेथवर. मग कळव.’ तपासलं. दोन्हीकडे चुका सापडल्या, त्यातल्या निम्म्या माझ्याच. मग मात्र मी राहिलो.

आज मी एका कारखान्यात मोजमापाची उपकरणं तपासतो. म्हणजे संशय घेण्याचाच पगार खातो. सरांचे उपकार मानतो, असं आजवर त्यांच्या तोंडावर बोललो नाही, ते इथं लिहितो.

ती पट्टी सरांनी त्या रविवारी माझ्याकडेच ठेवली. सत्काराच्या दिवशी मी ती त्यांच्या हाती देणार आहे. सरांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, आणि त्यांच्या तांबड्या शाईखाली अजून पुष्कळ वह्या जावोत. पट्टी हातात घेतल्यावर सर हार बाजूला सारून आधी तिचं टोक बघतील. एवढ्या एका गोष्टीची मला शंका नाही.