लहान खुर्चीवरचा मोठा राग

माझ्या मोठ्या नणंदेइतकं रागीट माणूस अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात नसेल, आणि त्यांचा सगळा राग बसायच्या वस्तूंवर असतो. कुणी तोंडावर शिवी दिली तर बाई एकवेळ ऐकून घेतील, पण डुगडुगणाऱ्या खुर्चीला माफी नाही. लग्नाच्या मांडवात सगळे नवरीकडे बघत असतात तेव्हा आमच्या बाई प्लास्टिकची खुर्ची उलटी करून तिचे पाय बघत असतात. सौंदडच्या स्टेशनवर बाकावर बसल्या की गाडी येईपर्यंत बाक बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार चालतो. आमच्याकडे सोफा आला त्या दिवशी त्यांनी त्यावर एक हात दाबून पाहिला, "सोफा नाही वो हा, गाळ होय," म्हणाल्या आणि फतकल मारून जमिनीवर बसल्या. माझ्या मुलीसाठी तिरोड्याला स्थळ पाहायला गेलो, तर यजमान "बसा, बसा" करताहेत आणि ह्या उभ्याच. "यावर माणूस बसते का? पाठ कुठं टेकवाची?" त्या खुर्च्या मुलानं स्वतः पसंत करून आणलेल्या होत्या. मी घाईनं पोह्यांची तारीफ सुरू केली. मुलगा हसला म्हणून सोयरीक टिकली.

बाई मुर्रीला आमच्या मागच्याच गल्लीत एकट्या राहतात आणि वस्तीतल्या अंगणवाडीत सेविका आहेत. एका दानशूर गृहस्थांनी तिथल्या मुलांसाठी रंगीत खुर्च्या दिल्या, पाठीवर सशाचं चित्र असलेल्या. फोटो झाले, टाळ्या झाल्या, गृहस्थ गेले. मग बाईंनी पाहिलं, की एकाही लेकराचे पाय जमिनीला टेकत नाहीत. पाय लोंबकळून मुंग्या येत, आणि खिचडीसाठी उठायला जावं तर लेकरू तोंडावर पडे. "सशाले पाहून घेतली ज्यानं घेतली थ्यानं! पोट्ट्याचे पाय कोण पाहिन?" असा महिनाभर गल्लीत गडगडाट चालला. शेवटी त्यांनी खुर्च्या माळ्यावर फेकल्या आणि गोंदियात फर्निचर बनवायला शिकवणाऱ्या एका वर्गात नाव घातलं. वयाची पन्नाशी उलटलेली, वर्गात सगळी मिसरूड फुटलेली पोरं, आणि मध्ये नऊवारीचा पदर खोचून आमच्या बाई.

तिथले सर तरुण, शांत आणि चांगले शिकवणारे. ते म्हणाले, "बाई, पहले गत्ते की बनाओ. गलती गत्ते में करो, लकड़ी में मत करो." बाईंना पुठ्ठ्याची खुर्ची म्हणजे पोरखेळ वाटला. त्यांनी थेट सागाच्या फळीला करवत लावली आणि अशी खुर्ची बनवली, की तिच्यावर बसलेला माणूस नमस्कार घालत पुढे येई. सरांनी ती बघितली आणि काहीच बोलले नाहीत. त्याचा बाईंना जास्त राग आला. घरी येऊन म्हणाल्या, "बोलला असता तं बरं झालं असतं. चूप राहून अपमान करते माणूस." दुसऱ्या दिवशी आमच्या फ्रिजचा खोका कापला.

त्यानंतर अंगणवाडीत नमुन्यांची वरात निघू लागली. "खुर्ची चांगली आहे का?" असं त्या मुलांना कधी विचारत नसत. "पोट्टे खिचडीसाठी कायलेही हाव म्हणतेत," हे त्यांचं मत. त्या नुसत्या कोपऱ्यात बसून बघत. कोण चुळबुळ करतो, कोण घसरतो, कुणाची मान वाकडी होते. पुठ्ठ्याच्या पहिल्या खुर्चीवर एकानं सू केली आणि ती विरघळून गेली. दुसरी मुलांनी आडवी पाडून तिची ऑटो केली आणि अंगणभर फिरवली. प्लायवूडची इतकी जड झाली की ओढता ओढता लेकरू रडकुंडीला आलं. दर वेळी बाई कडाडत, पण खुर्चीवर. "तुले अक्कल नाही का वो? लेकराले कायले रडवून राहिली?" असं त्या लाकडाला बोलत आणि मुलं खदाखदा हसत.

शेवटी एकीत एक रचता येतील अशा हलक्या, बुटक्या खुर्च्या तयार झाल्या. लेकरांचे तळवे जमिनीवर सपाट टेकत होते. बाईंनी प्रत्येक सांध्यात, प्रत्येक फटीत स्वतःचं बोट शिरतं का ते पाहिलं आणि मग आम्हाला बघायला बोलावलं. त्या दिवशी त्या चक्क हसल्या.

रोवण्याचे, भाताच्या लावणीचे दिवस होते. खुर्च्या रचून ठेवताना चिमी नावाच्या चार वर्षांच्या मुलीचं बोट दोन खुर्च्यांच्या फटीत गेलं, आणि वरच्या खुर्चीवर दुसरं पोर बसलं. रक्त आलं, नख काळंनिळं झालं. बाईंनी तिला कडेवर घेऊन दवाखाना गाठला, मागोमाग मी. तेवढ्यात तिची आई भाताच्या बांधीतून धावत आली. पाय गुडघ्यापर्यंत चिखलाचे.

"तुमच्या शिकण्यापायी माह्या पोरीचं बोट कायले बाई?" ती ओरडली. "तुमाले खुर्च्याच बनवाच्या तं सोताच्या घरी बनवा ना!"

मी मध्ये पडून "लेकरांना लागतंच गं" म्हणाले, तर बाई माझ्यावरच वळल्या. "तू चूप. बरोबर बोलून राहिली ते."

अंगणवाडीत परत येऊन त्यांनी त्या फटीत आपलं बोट घालायचा प्रयत्न केला. ते शिरेना. करंगळीही शिरेना. त्या माझ्याकडे वळल्या. "माह्या बोटानं तपासली वो मी," म्हणाल्या. "माह्या एवढ्या मोठ्या बोटानं!" मग हातोडी घेऊन त्यांनी एकेक खुर्ची फोडली. मी अडवलं नाही. तो राग बघायला फार भीती वाटली, कारण या वेळी तो खुर्चीवर नव्हता.

पुढे कित्येक दिवस बाईंनी करवतीला हात लावला नाही. संध्याकाळी येऊन आमच्या सोफ्यावर मुकाट बसत. गल्लीत लोक कुजबुजू लागले, "या वयात कायले हे धंदे?" शेवटी मलाच संताप आला. "बाई, उठा!" मी म्हणाले. "ससेवाल्या खुर्च्या माळ्यावरून उतरवू का? लेकरं किती दिवस ओल्या फरशीवर बसणार?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी दोन पावलं मागे सरले. सकाळी त्या सरांकडे गेल्या.

सरांचं म्हणणं, खुर्च्या एकीत एक रचायच्याच नाहीत. बाई ऐकेनात, एवढ्याशा खोलीत मग मुलं खेळणार कुठं? फट इतकी मोठी करायची, की बोट गेलं तरी दाबलं जाऊ नये, असं ठरलं आणि नव्या खुर्च्या बनू लागल्या. पण तपासायचं कुणाच्या बोटानं? बाईंनी बाजारातून भेंडी आणली. कोवळी, बारीक, जाड, सगळी निवडून. फटीत भेंडी घालायची आणि वर मला बसवायचं. भेंडी चेचली की बाई सरांवर, माझ्यावर, भेंडीवर ओरडत आणि पुन्हा कानस घेऊन बसत. आमच्या घरी रोज चेचलेल्या भेंडीची भाजी. नवरा म्हणाला, "बहीण माही आहे, पण आता भेंडी बस झाली." एके दिवशी मी वर बसले, उठले, आणि बाईंनी खालून भेंडी काढली. शाबूत. त्या दोन खुर्च्या हातात घेऊन आधी चिमीच्या आईकडे गेल्या. तिनं सगळ्या फटींत स्वतः भेंडी घालून पाहिली, मग मान हलवली.

आता अंगणवाडीत त्याच खुर्च्या आहेत. दुसऱ्या कुठल्या अंगणवाडीत त्या गेल्या नाहीत. तिथं अजून ससेवाल्याच जातात, आणि बाई त्यावरही भांडतात. यंदा चिमी पहिलीत गेली. जायच्या आदल्या दिवशी ती नव्या फ्रॉकमध्ये आली आणि खुर्चीत बसली, तर तिचे गुडघे छातीशी आले. बाईंनी वाकून तिचे गुडघे पाहिले. मग एकदम खेकसल्या, "एवढी लवकर कायले वाढून राहिली वो तू?"

चिमी हसली आणि पळाली. बाई बराच वेळ रिकामी खुर्ची पदरानं पुसत बसल्या होत्या.