चावी कट्ट्यावर ठेवा

खोली पाहून झाली होती. चावी माझ्या हातात होती. घरमालक हसून म्हणाले, "पदवीधर माणूस, वर सरकारी नोकरी. असाच भाडेकरू हवा होता." मग सहज विचारावं तसं, "आडनाव काय म्हणालात?"

मी सांगितलं.

हसू गेलं. "चावी कट्ट्यावर ठेवा."

मी ठेवली. त्यांच्या बायकोनं आतून तांब्या आणला. चावीवर पाणी ओतलं. मग उचलली.

सोलापुरात मला नाकारलेली ही चौथी खोली. आणि मी काय म्हणालो? "बरं, येतो." त्या 'येतो'ची लाज मला पाण्यापेक्षा जास्त वाटते. अजून.

बाहत्तरच्या दुष्काळात आईनं खडी फोडली, पण माझं कॉलेज सुटू दिलं नाही. गावच्या गुरुजींनी स्वतःची पुस्तकं दिली. त्यांचे उपकार मोठे. पण ते सगळं या कट्ट्यापाशी वाकण्यासाठी होतं का?

ऑफिसात बदलीचे अर्ज आले. पुणे, बंगलोर, हैदराबाद. शेजारच्या टेबलावरचा व्यंकटेश विणकराच्या घरातला, घरात तेलुगू बोलणारा.

"हैदराबाद लिही की," तो म्हणाला. "तेलुगू, उर्दू, मराठी, कानडी, सगळी एका गल्लीत. आन् आमच्यात आडनाव म्हंजे नावाआधी एक अक्षर. पूर्ण कोण विचारतंय?"

त्यानं मायेनं माझा अर्ज भरूनही दिला. आडनावाच्या जागी एक अक्षर, पुढं टिंब.

संध्याकाळी गावी परतल्यावर मी तो आईला वाचून दाखवला.

"आन् आडनाव कुटं गेलं रं?"

"त्याचं एक अक्षर केलंय. तिकडं तशीच रीत आहे."

"त्यांची रीत आसंल. तू झाकायला करतुयास." ती थांबली. "खडीवर मुकादम हजेरीला माजं आख्खं नाव पुकारायचा. मी 'हाय' म्हणायची. मोठ्यानं. तू शिकून एका अक्षराचा झालास व्हय?"

मी ते अक्षर खोडलं. आडनाव लिहिलं. पूर्ण. शहर तेच ठेवलं, हैदराबाद. मला मोकळ्या शहरात राहायचं होतं. लपायचं नव्हतं.

तिथंही कुणीतरी विचारील. विचारायच्या आधी मीच सांगेन, चावीला हात लावण्याआधी. आणि तिथंही तांब्या बाहेर आला, तर मी 'येतो' म्हणणार नाही.