शेंगदाण्याचं वाक्य

आमच्या शेजारच्या भावजींना कोणीही, कुठेही एक वाक्य म्हणायला लावायचं आणि ते म्हणायचे. भाजीवाल्यापुढे मेथीची जुडी हातात धरून उभे असले तरी म्हणायचे. चांगले उंच, दाढी राखलेले, पोट थोडं सुटलेलं गृहस्थ. पण कोणी म्हणालं, "अहो, तुम्ही तो शेंगदाणा ना? म्हणा ना एकदा!" की ते जुडी खाली ठेवायचे, मान डावीकडे कलती करायचे, डोळे मोठे करायचे आणि त्या दाढीतून सहा वर्षांच्या पोराचा बारीक आवाज यायचा, "आजोबा, मी थोडा वेळ मोठा होऊन येऊ?" लोक टाळ्या वाजवायचे. भावजी पुन्हा जुडी उचलायचे, मुळांची माती झटकायचे आणि आपल्या जाड आवाजात भाव विचारायचे.

आम्ही लहान असताना टीव्हीवर एक मालिका लागायची. तिच्यात आजोबांच्या धोतराला धरून फिरणारा एक नातू होता. घरात त्याला सगळे शेंगदाणा म्हणत. तो नातू म्हणजे हे भावजी. त्याआधी दोन-तीन सिनेमांतही ते कोणाकोणा नायकाचं लहानपण झाले होते. आमच्या घरी साताऱ्याकडे टीव्ही नव्हता. मी सरपंचांच्या पडवीत मागे बसून ती मालिका बघायचे. पुढे लग्न होऊन बेलापूरला आले आणि शेजारच्या घरात शेंगदाणा राहतो हे कळलं, तेव्हा मी लाजेने चार दिवस दाराबाहेर पडले नाही. गल्लीत लहानथोर सगळे त्यांना दाण्या म्हणत. मी भावजी म्हणायचे, तेही मनात. ते वाक्य म्हणायला मी त्यांना कधीच सांगितलं नाही. ऐकायची हौस नव्हती असं नाही. तोंडच उघडायचं नाही माझं.

भावजींच्या आईला आम्ही माई म्हणायचो. भावजी लहान होते तेव्हा माई त्यांच्या डोक्याला तेल लावता लावता संवाद वाचून दाखवायच्या. तेल मुरेपर्यंत संवाद पाठ. भावजींना वाचता यायचं, पण स्वतः वाचलेलं त्यांच्या लक्षात राहायचं नाही. "डोळ्यांनी घेतलेलं गळून जातं वहिनी, कानांनी घेतलेलं मुरतं," असं ते म्हणायचे. पुढे मोठेपणी कधी एखाद्या मालिकेत हवालदाराचं किंवा कुरिअरवाल्याचं काम मिळालं, तरी ते माईंपुढे जमिनीवर मांडी घालून बसायचे आणि माई चष्मा पुसून त्यांना ती दोन वाक्यं वाचून दाखवायच्या. डोक्याला तेल मात्र आता भावजी लावू द्यायचे नाहीत.

अशी कामं थोडीच मिळायची. तेराव्या वर्षी त्यांचा आवाज फुटला, तेव्हा मालिकेत 'काही वर्षांनंतर' अशी पाटी आली. पाटीच्या पुढे शेंगदाणा मोठा झाला होता, पण तो दुसराच मुलगा होता. "मला मोठं व्हायला त्यांनी दुसरा माणूस ठेवला," असं भावजी हसत सांगायचे. त्यानंतर जिथे जातील तिथे लोक त्यांच्या तोंडाकडे बघायचे आणि त्यात ते जुनं पोर शोधायचे. काम देणारेसुद्धा तेच शोधायचे. दाढी राखून उपयोग झाला नाही.

पोटासाठी ते हळदीच्या कार्यक्रमांत माइक धरायचे. आमच्याकडे मासळी घेऊन येणारी दिवाळे गावची मावशी होती, तिच्या मुलीच्या हळदीला मी गेले होते. मांडवात भावजी सगळ्यांना नाचवत होते. मावशीची म्हातारी सासू खुर्चीतून ओरडली, "आरं दान्या, त्या आजोबांचा बोल ना! माजी नवी सून आयकली नाय अजून!" भावजींनी मान कलती केली आणि बोलून दाखवलं. म्हातारी खूश. "बगा," ती म्हणाली, "वाढला नुसता, पन पोरच हाय!" मांडव हसला. भावजीही हसले. मग ते खाली बसून माइकची वायर गुंडाळत राहिले. कार्यक्रम अजून संपलेला नव्हता.

माई गेल्या त्यानंतर वर्षभर भावजींनी कुठलंच काम घेतलं नाही. पाठच होत नव्हतं. मग एका ओळखीच्या माणसाने त्यांचं नाव एका नव्या मालिकेसाठी सुचवलं. काम बापाचं होतं. टेम्पो चालवणारा, मुलीवर जीव असणारा, पण तिच्याशी नीट बोलता न येणारा बाप. निवडीसाठी एक प्रसंग पाठ करून जायचं होतं. त्या दुपारी भावजी आमच्या दारात येऊन उभे राहिले.

"वहिनी, तुम्हाला वाचता येतं ना?"

"चौथीपर्यंत," मी म्हणाले. त्यांच्याशी बोललेला हा माझा पहिला सबंध शब्द असावा.

"पुष्कळ झालं. मला फक्त वाचून दाखवा. माझा येत्या महिन्यात निकाल आहे समजा. हे नाही मिळालं तर मेव्हण्याच्या ओळखीने उरणला गोदामात लागतो. तिथे कोणी वाक्य म्हणायला लावणार नाही." आणि जरा थांबून म्हणाले, "त्याचं बरं वाटेल की वाईट, तेच कळत नाही."

कोर्टाजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून त्यांनी ते कागद माझ्यासाठी मोठ्या अक्षरांत काढून आणले. दार सताड उघडं ठेवून मी उंबऱ्यात बसले, ते बाहेर बादली पालथी घालून बसले. आत आमचे हे झोपलेले. ते मार्केटात ओझी उचलतात, पहाटे जातात आणि दुपारी येऊन पडतात. मी कागद धरला खरा, पण पहिला शब्दच बाहेर पडेना. भावजींनी माझ्याकडे पाठ केली आणि म्हणाले, "मला नका वाचून दाखवू. त्या समोरच्या शेवग्याला वाचून दाखवा." मग मी शेवग्याला वाचून दाखवलं. बोट ठेवून, अडखळत. मोठा शब्द आला की थांबायचं, मनात जुळवायचा, मग बोलायचा. थोड्या वेळाने आतून यांचा आवाज आला, "जरा मोठ्यानं वाच की! पोरगी घरात आली का न्हाय त्ये कळंना मला!"

रोज दुपारी असं चाललं. मुलीचं बोलणंही मीच वाचायचे, बापाचंही. भावजी डोळे मिटून ऐकायचे. मध्येच म्हणायचे, "पुन्हा." एवढंच. मी चुकले तर कधी सुधारायचे नाहीत. शेवटी शेवटी ते मला मागे टाकून स्वतःच सगळं बोलायला लागले आणि मी कागद मांडीवर ठेवून नुसती ऐकत राहायचे.

निवडीला गेले त्या दिवशी संध्याकाळी ते परत आले आणि बादलीवर बसले. "घोटाळा झाला, वहिनी."

"विसरलात?"

"नाही ना! सगळं आठवलं. तुमचं थांबणंही आठवलं." त्या प्रसंगात बाप मुलीला विचारतो की तुला शिष्यवृत्ती मिळाली हे मला का सांगितलं नाहीस. 'शिष्यवृत्ती' या शब्दापाशी मी रोज अडायचे. भावजींनी तो माझ्या अडण्यासकट कानात घेतला होता. तिथे कॅमेऱ्यासमोर ते 'तुला' म्हणाले, थांबले आणि मग पुढचं बोलले. असं जागोजागी. "सगळे एकमेकांकडे बघायला लागले. नमस्कार करून आलो."

मी लाजेने मेले. त्यांची भाकरी माझ्या चौथीने घालवली असं मला झालं. भावजींनी गोदामासाठी जाड तळव्याचे बूट आणले. ते दारात दिसले की मी आत वळायचे. आमचे हे म्हणायचे, "आगं, त्यानं तुला काय म्हणलंय का? मग?" पण मी ताटावरून अर्धवट उठायचे.

मग एके दिवशी दुपारी भिंतीवर थापा पडल्या. भावजी आणि आम्ही यांच्यामधली भिंत. "वहिनी! वहिनी, बाहेर या!" काम मिळालं होतं. दिग्दर्शक फोनवर म्हणाले होते की बाकीचे सगळे बाप घडाघडा बोलून गेले, हाच एक असा आला की ज्याला पोरीशी बोलताना शब्द सापडत नव्हते. असाच बोल, बदलू नकोस. आणि आणखी एक म्हणाले होते, ते भावजींनी मला दोनदा सांगितलं. "त्यांना शेंगदाणा माहीतच नव्हता, वहिनी. मी सांगितल्यावर म्हणाले, असं का, बरं."

आमचे हे डोळे चोळत बाहेर आले आणि म्हणाले, "म्हंजी माझ्या बायकूला वाचता येत न्हाय, म्हणून ह्यो नट झाला!" मला रडू येत होतं आणि हसूही येत होतं.

चित्रीकरण साताऱ्याकडे होतं, माझ्या माहेराच्या वाटेवर. भावजी बॅग घेऊन निघाले तेव्हा गल्ली जमली. पोरं ओरडली, "दाण्या, म्हण ना, म्हण ना!" त्यांनी मान कलती करून पोरांना म्हणून दाखवलं, तोच बारीक आवाज. टाळ्या झाल्या. मग ते आमच्या दारापाशी आले.

"तुम्ही मला एकदाही म्हणायला लावलं नाहीत," ते म्हणाले.

मी मान खाली घातली. त्यांनी मान कलती केली नाही, डोळेही मोठे केले नाहीत. आपल्या रोजच्या जाड आवाजात म्हणाले, "थोडा वेळ मोठा होऊन येतो, वहिनी." आणि बॅग उचलून निघाले.

आता दर आठवड्याला फोनवर त्यांचे संवाद येतात. दुपारी मी उंबऱ्यात बसून ते मोठ्याने वाचते आणि आवाज भरून त्यांना पाठवते. शेवग्याची सवय झालीये, आता येणारे-जाणारे ऐकत असले तरी थांबत नाही. मालिका लागली की आमचे हे जेवता जेवता म्हणतात, "बघ, अडला. हितं तू अडली हुतीस."

परवा भावजींचा फोन आला. "वहिनी, हे काय चाललंय? मागच्या वेळी तुम्ही सगळं सरळ वाचलंत. कुठेच अडला नाहीत. तुम्हाला असं वाचता यायला लागलं तर माझं कसं होणार?"

मला त्यांच्या आवाजातलं हसू ऐकू आलं. मी फोन घट्ट धरला आणि शेवग्याकडे बघत म्हणाले, "भावजी, मग आता मी थोडा वेळ मोठी होऊन येऊ?"

पलीकडे ते थांबले. आणि तिथे मी कुठे अडखळत वाचत होते, की ते थांबणं त्यांनी माझ्याकडून घेतलं म्हणावं!