उत्तर देणारी बाहुली

इजिप्तला जायचं सोडून मी सिडनीच्या गिरावीन उपनगरात आले, याचा राग माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही. तो जावा असं मला वाटतही नाही.

मी नाशिकच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे. वरच्या वर्गांना थोडा कलेचा इतिहास सांगावा लागे, त्यात इजिप्त यायचं. दरवर्षी मी फळ्यावर तोच माणूस काढायचे. चेहरा बाजूने, डोळा समोरून, खांदे समोरून, पाय पुन्हा बाजूने. मुलं खिदळायची. मग मी सांगायचे, अरे, हे थडग्यातलं चित्र आहे, ते तुमच्यासाठी काढलेलंच नाही. ते मेलेल्या माणसासाठी आहे. पलीकडे गेल्यावर त्याला हात लागणार, पाय लागणार, डोळा लागणार, तेव्हा जो अवयव जिकडून पुरता दिसतो तिकडून तो काढायचा, काही राहून जायला नको. आणि मालक मोठा, नोकरचाकर त्याच्या गुडघ्याएवढे. हे सगळं मी अगदी डोळ्यांनी पाहून आल्यासारखं सांगायचे. पाहिला होता तो फक्त एक तक्ता, तोही उन्हाने विटलेला, त्यातला निळा रंग कसा असेल हे मी मनानेच ठरवलेलं.

निवृत्त झाल्यावर आम्ही चार मैत्रिणींनी, चौघी कलाशिक्षिका, ठरवलं की लक्झरला जाऊन त्या थडग्यांत एकदा उतरायचंच. गुडघे शाबूत आहेत तोवर. नोव्हेंबरची सहल ठरली, पासपोर्ट काढून झाले. आणि मुलाचा सिडनीहून फोन आला.

आमच्या घरातली पद्धत इथे सांगायला हवी. मुलगा आणि सून दोघं नोकरीला, नात दहा वर्षांची. वर्षातले सहा महिने मी इथे येते, सहा महिने सुनेची आई, सांगलीहून. मी विमानात बसते तेव्हा त्यांची बॅग भरलेली असते. गिरावीनमध्ये आमच्यासारख्या पुष्कळ आहेत. संध्याकाळी बागेत बाकावर भेटतात, एकमेकींना विचारतात, तुमचे किती राहिले? आम्ही दोघी विहिणी या घरात कधी एकत्र राहिलेलो नाही. मी त्यांना ओळखते ती त्या मागे ठेवून गेलेल्या स्वयंपाकघरावरून. डाळींचे डबे त्या उंचीप्रमाणे लावतात, मी रोजच्या वापराप्रमाणे. आल्याबरोबर मी ते सगळे हलवते. माझ्यानंतर त्याही हलवत असणार.

त्या वर्षी विहीणबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, त्यांना मध्येच सांगलीला परतावं लागलं. मी जूनमध्ये घरी परतले होते, ऑगस्टमध्ये मुलाचा फोन. "आई, एवढी एक वेळ ये. इजिप्त काय पळून जातंय? पाच हजार वर्षं तिथेच आहे, पुढच्या वर्षी जा." वर हसला. मी हो म्हटलं. का म्हटलं, तर नाही म्हणायची सवयच नाही. तिघी मैत्रिणी गेल्या.

आता याला नशिबाची थट्टा म्हणा, काहीही म्हणा, पण नोव्हेंबरमध्येच नातीच्या शाळेत इजिप्त आलं. तिला घरून थडग्याचा नमुना करून न्यायचा होता. मी तिला शाळेतून आणत होते, तेव्हा रस्त्यात तिने विचारलं, "आजी, डू यू नो एनिथिंग अबाउट टूम्स?"

मी भर फुटपाथवर उभी राहिले. त्या घरात मला कुणी काही विचारत नव्हतं असं नाही. आज भाजी कुठली, पार्सल आलं का, युनिफॉर्म वाळला का, हे रोज विचारत. पण मला जे येतं ते कुणी विचारलेलं मला आठवत नव्हतं.

मग आम्ही दोघी त्या थडग्याच्या मागे लागलो. रद्दीच्या पिवळ्या झाकणाच्या बिनशेजारून नव्या फ्रिजचा मोठा खोका ओढून आणला आणि गॅरेजमध्ये मांडला. मी तिला सांगितलं, ही माणसं स्वतः मातीच्या विटांच्या घरांत राहायची आणि थडगी मात्र दगडात कोरायची, कारण जगायचं चार दिवस आणि मरायचं कायमचं. उतरायची विहिरीसारखी वाट केली, आत शवपेटीची खोली, शेजारी कोठार. वरच्या दालनात एक खोटं दार काढलं. "खोटं का?" तिने मराठीत विचारलं, ती रंगली की मराठीत येते. म्हटलं, ते जिवंत माणसासाठी उघडत नाही. घरच्यांनी दारासमोर जेवण ठेवायचं, मेलेल्याने पलीकडून येऊन खायचं.

"सो ही नेव्हर कुक्स?"

"कधीच नाही."

आम्ही दोघी हसलो. ममी करायला तिला बाजारातून अख्खी कोंबडी आणून मिठात पुरायची होती, वर्गातल्या कुणीतरी केली होती म्हणे. माझ्या स्वयंपाकघरात ते होणार नाही म्हणून निक्षून सांगितलं, तेव्हा गाजरावर तडजोड झाली. गाजराला मेंदू नाही, नाहीतर तो नाकातून काढून फेकायचा आणि हृदय तेवढं जपून ठेवायचं, हे मी तिला सांगितलं. हृदय ठेवायचं, कारण पुढे ते पिसाबरोबर तोलतात. खोटं बोललेल्याचं जड भरतं.

याच दिवसांत मैत्रिणींचे फोटो येऊ लागले. एकीने एका थडग्याचं छत पाठवलं. निळं, त्यावर पिवळ्या चांदण्या. इतकी वर्षं मी मुलांना जो निळा सांगत होते तो हा नव्हताच, याच्यात काळं जास्त होतं. मी फोन हातात धरून गॅरेजच्या पायरीवर बसले आणि चक्क रडले. नातीने विचारलं काय झालं, म्हटलं, रंग चुकला होता माझा. मग आम्ही छत पुन्हा रंगवलं, बरोबर त्या निळ्यात.

त्या दिवसांत माझ्या पोळ्या उशिरा झाल्या. सून एकदा म्हणाली, "आई, आज पण खिचडीच का?" मी म्हटलं, हो, आज पण. मला मजा येत होती. इतकी, की एका रविवारी मुलगा चहा पिताना म्हणाला, "आई, तू कायमचीच का येत नाहीस? व्हिसाचं आपण बघू, नाशिकचं घर काढून टाकू," तेव्हा मी ताडकन नाही म्हटलं नाही. विचार करते म्हटलं. आणि खरंच करत होते. नाशिकला कोण मला खोट्या दाराबद्दल विचारणार होतं?

भिंतीवरची शेतं मी रंगवली. मेल्यावर चांगल्या माणसाला जे मिळतं ते शेत, आपल्यापेक्षा उंच पीक असलेलं. पण शेत म्हटलं की नांगरणी आली, पाणी आलं, वाळू उपसणं आलं, आणि मालकाला मेल्यावर हे कोण सांगणार? त्यावर त्यांनी तोड काढली होती. छोट्या बाहुल्या. उशाब्ती किंवा शाब्ती म्हणतात, म्हणजे उत्तर देणारी. पलीकडे कामाचा पुकारा झाला की मालकाऐवजी हिने म्हणायचं, मी आहे, मी करते. फार जुन्या राजांबरोबर खरे नोकर पुरत, पुढे बाहुल्यांवर भागवायला लागले, याला प्रगती म्हणायची. भिंत मालकाची, बाहुलीची जागा कोठारात, हे सगळं मी नातीला माती मळता मळता सांगितलं. ती म्हणाली, भिंतीवरची माणसं आणि बाहुली मी एकटी करणार, सरप्राइज. मी बाजूला झाले.

शाळेच्या हॉलमध्ये दुपारी सगळ्यांचे नमुने मांडले होते. बाहेर जॅकरंडाच्या जांभळ्या फुलांचा सडा, आत प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि घामेजलेले आईबाप. मुलगा-सून दोघं कामावरून लवकर निघून आले होते. नातीची पाळी आली, तिने खोक्याचा पुढचा भाग उघडला आणि म्हणाली, "धिस इज द टूम ऑफ माय मम अँड डॅड."

भिंतीवर मुलगा होता, सून होती, छतापर्यंत उंच, चेहरे बाजूने, डोळे समोरून, अगदी माझ्या फळ्यावरच्यासारखे. मध्ये ती स्वतः, त्यांच्या कमरेएवढी. काय सुरेख काढलं होतं! माझ्यातली आजी खूश झाली, मास्तरीण त्याहून आधी. मी भिंतीवर मला शोधलं. तेवढ्यात तिने कोठारात हात घातला आणि वीतभर बाहुली बाहेर काढली. निळी, अंगाला साडी, छातीवर हात आडवे. खऱ्या बाहुल्यांच्या हातांत कुदळ असते, हिच्या एका हातात लाटणं आणि दुसऱ्यात जेवणाचा डबा.

"अँड धिस इज माय आजी. शी इज देअर शाब्ती. व्हेन दे कॉल हर, शी सेज, हिअर आय अॅम."

टाळ्या पडल्या. बाईंनी "हाउ लव्हली" म्हटलं आणि सगळा हॉल माझ्याकडे वळून हसला. मीही हसले, दुसरं काय करणार? मुलगा तर खो खो हसत होता. त्याने फोटो काढला आणि तिथल्या तिथे घरच्या ग्रुपवर टाकला. सुनेने माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "किती क्यूट ना, आई?"

घरी येताना मी नातीला विचारलं, "मला भिंतीवर का नाही गं काढलंस?"

"वॉल इज फॉर द ओनर्स, आजी. तूच सांगितलंस." मग माझा चेहरा पाहून माझा हात धरला. "पण शाब्ती इज द बेस्ट. विदाउट यू नथिंग वर्क्स."

पोरीच्या मनात काडीचंही वाईट नव्हतं. तिने जे पाहिलं ते काढलं, आणि नियमही चुकला नाही. तिला मी काय बोलणार? राग आला तो मुलाचा. तो हसला याचा नाही एवढा, त्याला त्यात न हसण्यासारखं काही दिसलंच नाही याचा.

जेवणं झाल्यावर मी त्याला म्हटलं, "मी कायमची येणार नाही. नाशिकचं घर राहू दे. आणि नाताळाच्या आत माझं परतीचं तिकीट काढ."

"का गं?" असं तो म्हणेल असं मला वाटलं होतं. तो म्हणाला, "मग जानेवारीत शाळेच्या पिकअपचं काय?"

सून म्हणाली, "आई, तुम्ही त्या प्रोजेक्टचं मनाला लावून घेतलंत का? अहो, लहान आहे ती." म्हटलं, ती लहान आहे हे मला माहीत आहे. मुलगा "तू पण ना, आई, किती सेन्सिटिव्ह" असं काहीतरी म्हणाला आणि फोन घेऊन बाल्कनीत गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सांगलीहून फोन आला. विहीणबाई. त्या सहसा मला फोन करत नाहीत, दिवाळीला तेवढा, शुभेच्छांपुरता. "काय झालं हो?" त्या म्हणाल्या. "जावईबापू म्हणतात, जानेवारीत येता येईल का बघा. मी म्हटलं, डॉक्टरांना विचारते. अजून जिना चढवत नाही हो मला."

मी त्यांना सगळं सांगितलं. का सांगितलं कोण जाणे, इतक्या वर्षांत आम्ही डाळींच्या डब्यांपलीकडे कधी बोललो नव्हतो. त्या मध्ये मध्ये हुंकार देत होत्या. लाटण्याचं ऐकून हसल्या, माझ्या मुलासारखं नव्हे. मग म्हणाल्या, "फोटो पाहिला मी ग्रुपवर. मोठा करकरून पाहिला. त्यात मी दिसले नाही कुठे."

"थांबा हं," म्हटलं, आणि फोनवर हात ठेवून नातीकडे गेले. ती सोफ्यावर आयपॅड घेऊन पडली होती. मी विचारलं, "सांगलीच्या आजीची बाहुली कुठेय?"

तिने मान वर केली नाही. "इट्स द सेम वन, आजी. हूएव्हर इज हिअर."

फोनमधून "हॅलो, हॅलो" ऐकू येत होतं.

"आहे हो," मी त्यांना म्हटलं. "तुमची आतल्या बाजूला आहे, फोटोत आली नाही."

"हो का!" त्यांचा आवाज एकदम खुलला. "हातात काय दिलंय माझ्या?"

"परडी," मी म्हटलं. "फुलांची."

"बघा, लक्ष असतं पोरांचं. मला एक फोटो पाठवा हं तिचा."

पाठवते म्हटलं आणि फोन ठेवला. मग गॅरेजमध्ये गेले, उरलेली माती ओल्या फडक्यात होती ती काढली, आणि आणखी एक करायला बसले.